आईंनी मागवलेला पलंग

आई निवृत्त झाल्या, ही बातमी आता कुणी फारशी मनावर घेत नसे. पहिल्यांदा झाल्या तेव्हा सभागृह भरलं होतं, भाषणं लांबली होती, हळवी माणसं रडून मोकळी झाली होती; आणि सोमवारी सकाळी शिपाई कुलूप उघडायला आला, तर आई पायरीवर बसून त्याचीच वाट बघत होत्या. दुसऱ्यांदा निवृत्त झाल्या तेव्हा समारंभाच्या फंदात कुणी पडलं नाही. म्हणून या खेपेला त्यांच्या लेकीने, घरातल्या डॉक्टरने, पथ्य सांगावं तशी कडक अट घातली. महिनाभर आईने संस्थेत पाऊल ठेवायचं नाही, फोन करायचा नाही, कुणाकरवी निरोप धाडायचा नाही. पथ्य पाळलं तर महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी बसून पुढचा प्रमुख ठरवायचा. मोडलं तर आईच्या मनाची तयारी नाही असं समजायचं आणि विषय बंद. आईंनी मान डोलावली होती, पण ती होकाराची की नकाराची, याबद्दल घरात अजून दुमत होतं.

संस्था घराच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की. आजारी माणसाला घरी जे जे लागतं, डोक्याकडून वर उचलता येणारे पलंग, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, ते गरज असेपर्यंत फुकट वापरायला द्यायचं, परत आलं की धुऊनपुसून दुसऱ्याला द्यायचं, एवढंच तिचं काम. आई आणि त्यांचे यजमान अण्णा, दोघांनी ती एका डुगडुगत्या चाकखुर्चीवर सुरू केली होती. अण्णा गेल्यावर आईंनी एकटीने ती अशी वाढवली की आसपासच्या वस्त्यांत कुणाचं हाड मोडलं, तर माणसं आधी संस्थेला फोन करत आणि मग नातेवाइकांना.

हा महिनाभर संस्था थोरल्या सुनेने चालवली. 'चालवली' हा शब्द मात्र घरात कुणी वापरत नव्हतं. "वहिनी बघतेय सध्या," असं म्हणत. शेजारी गावाला गेले की त्यांच्या झाडांना पाणी घालणाऱ्याबद्दल बोलावं, तसं. लग्न होऊन आली तेव्हा थोरली शाळेत खेळ शिकवायची. मग 'जरा हाताखाली' म्हणून समोर जाऊ लागली, आणि त्या 'जरा'ला किती वर्षं झाली हे कुणी मोजलं नव्हतं. खरी गोष्ट अशी होती की थोरलीला ती संस्था हवी होती. अगदी पोटातून हवी होती. तिने हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, कारण सेवेच्या घरात 'मला हवं' म्हणायची सोय नसते. तिथे सगळं गळ्यात पडतं, अंगावर येतं, खांद्यावर घ्यावं लागतं. आपण होऊन कुणी हात पुढे केला की लगेच भुवया वर जातात.

आज रविवार. दुपारी सगळे जमायचे होते. आणि सकाळी, महिना संपायला काही तास उरले असताना, संस्थेतला फोन वाजला.

"हॅलो, पलंग देता ना हो तुम्ही लोक?"

आवाज घोगरा होता, नाकातून काढलेला, आणि बहुधा तोंडावर पदर किंवा रुमाल धरलेला. इतकी वर्षं ज्या आवाजाने थोरलीला कामाला लावलं होतं, तो तिला गोणपाटातूनही ओळखू आला असता.

"देतो की. कुणासाठी हवाय?"

"आमच्या यजमानांसाठी. फार आजारी आहेत हो."

यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरलीने ओठ दाबून धरला. "काय होतंय त्यांना?"

"कंबर. एकदा आडवं झालं की उठताच येत नाही." आवाज क्षणभर साधा झाला, मग पुन्हा घोगरा. "पण काय हो, गादी धुतलेली देता ना? नाही, हल्ली नवीन माणसं आलीयत म्हणे तुमच्याकडे."

"धुतलेली, वाळवलेली, ऊन दाखवलेली."

"आणि कठड्यांच्या खिट्ट्या? सैल असतात असं ऐकलं."

"परवाच सगळ्या घट्ट करून घेतल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. पत्ता सांगता?"

आईंना खोटं बोलायचा सराव नव्हता. खोटा आवाज त्यांनी बसवला होता, खोटा नवरा उभा केला होता, पण पत्त्याचा विचारच केला नव्हता. मग गडबडून त्यांनी पत्ता सांगितला तो चक्क खरा: रस्ता, घराचा नंबर, वर 'निळं फाटक'. दुसऱ्याच क्षणी त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण फोन दाणकन आपटला गेला.

थोरली टेबलावर डोकं टेकून हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली. अट मोडली होती. हे घरात कुणाच्या कानावर गेलं तर विषय बंद, आणि उद्या सकाळी आई पुन्हा पायरीवर. गप्प राहणं सोपं होतं. पण संस्थेचा पहिला नियम खुद्द आईंनी घातलेला होता: मागणाऱ्याची उलटतपासणी करायची नाही आणि दिवस मावळायच्या आत पलंग त्याच्या दारात. शिवाय एक वाक्य तिच्या मनातून हलेना. आडवं झालं की उठताच येत नाही. ते सांगताना आवाज खोटा नव्हता. महिनाभर सकाळचा चहा घेऊन ती आईंच्या खोलीत जायची तेव्हा पलंगावरची चादर घडी मोडल्यासारखी कधी दिसायचीच नाही, आणि खिडकीजवळच्या आरामखुर्चीत मात्र उशी आणि पांघरूण असायचं. तिला वाटायचं, आई खुर्चीत बसून समोरच्या फाटकावर पहारा करतात. आता ध्यानात आलं.

तिने मिस्त्रींना बोलावलं. संस्थेतली सगळी साधनं तेच दुरुस्त करत.

"समोर एक पलंग न्यायचाय. आमच्याच घरी. पण आत्ता नाही. घरात बैठक आहे. चहाचा ट्रे आत गेलेला दिसला की समजायचं, मंडळी पांगली. मगच आणा."

"ट्रे आत, पलंग बाहेर," मिस्त्री म्हणाले आणि गंभीरपणे कामाला लागले.

दुपारी दिवाणखान्यात सगळे आपापल्या ठरलेल्या जागा धरून बसले. मधल्या खुर्चीत मामा, म्हणजे आईंचे धाकटे भाऊ. वकिली सोडून दशक लोटलं तरी बोलताना अजून कुणीतरी समोर पिंजऱ्यात उभं असल्यासारखे बोलत. त्यांच्या शेजारी डॉक्टर, तिच्या पलीकडे आईंचा धाकटा मुलगा, जो इमारतींचे आराखडे काढायचा आणि कुठल्याही बैठकीत शेवटी भिंती पाडण्यावर यायचा. थोरलीचा नवरा कॉलेजात गणित शिकवायचा; तो नेहमीप्रमाणे दाराजवळ, पळायला सोयीचं पडेल असा. आई खिडकीशी ताठ बसल्या होत्या आणि सुनेकडे बघायचं कटाक्षाने टाळत होत्या.

"तर महिना पार पडला," डॉक्टर म्हणाली. "आई, मला खरंच तुझं कौतुक वाटतं. एक फोन नाही, एक निरोप नाही."

आईंना ठसका लागला. थोरलीने पाणी दिलं. आईंनी ते तिच्याकडे न बघताच घेतलं.

"आता माझं म्हणणं स्पष्ट आहे," डॉक्टर पुढे म्हणाली. "बाहेरून एक चांगला व्यवस्थापक नेमायचा. शिकलेला, मोठ्या संस्थेत काम केलेला."

"बाहेरचा?" धाकटा उसळला. "लोक काय म्हणतील? ताई, तू घे. तू डॉक्टर आहेस, तुझं नाव आहे. तू प्रमुख झालीस तर मी समोरची भिंत पाडून मस्त दर्शनी भाग करून देतो."

"मला दवाखान्यातून मान वर करायला वेळ नाही आणि हा दर्शनी भाग करतोय. दादा, तू का गप्प?"

"मी शून्यासारखा आहे," थोरला म्हणाला. "कुणाच्या बाजूला बसतो त्यावर माझी किंमत." आणि त्याने शेजारी उभ्या असलेल्या बायकोच्या पायाला हळूच पाय लावला. दोनदा. तिने पाय मागे घेतला. याला कसं कळलं? आपण तर चकार शब्द काढला नव्हता.

मामा खाकरले. "तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. माझी ताई, तुमची आई, ठणठणीत आहे. ती असताना दुसऱ्याचं नाव काढायचं कारणच काय? संस्थेने ताईला निवृत्त व्हायला सांगितलंय का? नाही. ताईने स्वतः मागितलंय का? तेही नाही. उद्भवलाय कुठे हा प्रश्न?"

"मामा, ती कायमची थोडीच..." धाकटा बोलायला गेला आणि जीभ चावून गप्प झाला.

"बोल की," आई म्हणाल्या. "मरणार आहे मी कधीतरी, एवढंच ना? मलाही तसा अंदाज आहे."

हशा झाला. त्या हशातच मामा सहज म्हणाले, "बरं, तोवर सूनबाई आहेच बघायला, जशी बघतेय तशी." सहजच म्हणाले, वाईट हेतूने नाही. पण इथे थांबलो तर भलतंच बोलून जाऊ असं वाटून थोरलीने भरलेले, अर्धे, रिकामे सगळे कप गोळा केले आणि ट्रे उचलून आत निघाली.

"अगं, माझा चहा संपायचाय!" मामा मागून ओरडले.

स्वयंपाकघरात ट्रे ठेवता ठेवता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ट्रे आत! ती तशीच बाहेर धावली, पण उशीर झाला होता.

रस्त्यावर दोन्हीकडून गाड्या थांबल्या होत्या. संस्थेचा गाडीवाला मध्ये उभा राहून हात पसरून वाहतूक अडवत होता, आणि त्याच्यामागून, ऊन दाखवलेली गादी मिरवत, मिस्त्री चाकांवरचा पलंग ढकलत सावकाश रस्ता ओलांडत होते. एका स्कूटरवाल्याला वाटलं गादीवर रुग्ण आहे. त्याने आदराने टोपी काढली. आईंनी हे सगळं खिडकीतून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"हे काय?" डॉक्टर उठून उभी राहिली. पलंग निळ्या फाटकातून आत आला.

"सकाळी फोन आला होता इथून," मिस्त्री घाम पुसत म्हणाले. "वहीत नोंद आहे, यजमानांची कंबर धरलीय."

"कुठले यजमान?" धाकटा म्हणाला.

मग आई खिडकीशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "तुमचे अण्णा." आणि पुढे, अगदी बारीक आवाजात, "फोन मी केला होता."

मामांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा असा खुलला, जणू हरत आलेल्या खटल्यात साक्षीदारच फुटला. "म्हणजे अट मोडली! चाचणी बाद. विषय बंद! उद्यापासून ताई संस्थेत!"

"आई! तू महिनाभर..." डॉक्टर.

"महिनाभर नाही गं, आज सकाळी फक्त. शेवटच्या दिवशी राहवलं नाही." मग त्या थोरलीकडे वळल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. "आवाज ओळखला होतास ना?"

"पहिल्या वाक्याला."

"मग पलंग का धाडलास? चार शब्द सुनवायचेस मला."

"मागणाऱ्याची उलटतपासणी करायची नाही. नियम तुमचाच आहे, आई."

"नियम गरजवंतासाठी आहे. मी नुसतं चाचपून बघत होते तुम्हाला."

"तुम्ही खुर्चीत झोपता, आई."

आईंनी ओठ घट्ट मिटले. नाकावर माशी बसू न देणारी ती बाई पहिल्यांदा म्हातारी दिसली, आणि थोरलीला वाटलं, आपण हे चारचौघांत बोलायला नको होतं. पण आता शब्द गेला होता.

"कधीपासून?" डॉक्टरने विचारलं. तिचा आवाज लेकीचा झाला होता. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू दवाखान्यात नेलं असतंस."

"अर्थात नेलं असतं! उद्या सकाळी नेणारच आहे!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

मग सगळे एकदम बोलायला लागले. मामा म्हणत होते की कंबर ही कंबर, अट ही अट. डॉक्टर म्हणत होती, आई जाणार नसेल तर निदान व्यवस्थापक तरी आणा. धाकटा म्हणत होता, पलंग आत न्यायचा तर दाराची चौकट काढावी लागेल. थोरल्याने या खेपेला पाय लावला नाही. तो आपल्या जागेवरून उठला, दाराजवळची ती पळायच्या सोयीची खुर्ची त्याने उचलली आणि सगळ्यांच्या मधोमध बायकोसमोर ठेवली. थोरली तिच्यात बसली. या घरातल्या बैठकीत ती आजवर कधी बसलीच नव्हती, हे तिच्या बसल्यावर लक्षात आलं.

"मला हवीय," ती म्हणाली.

"काय? खुर्ची?" धाकट्याने विचारलं.

"संस्था."

मामांनी चष्मा काढला. "अगं, असं मागतात का? सेवा म्हणजे काय दुकानातली वस्तू आहे, हवीय म्हणायला?"

"मागितलं नाही तर तुम्हाला कळणार कसं, मामा?" ती थांबली नाही. "मी सध्या बघत नाहीये. मी चालवतेय, आणि मला ते आवडतं. सकाळी फाटक उघडताना मला बरं वाटतं. कुणी कुबड्या परत आणून दिल्या की तो माणूस चालायला लागला का, हे विचारायची मला घाई होते. हे कुणी माझ्या गळ्यात घातलेलं नाही. मला हवंय. आज पलंगामुळे मिळालं नाही तरी हवंच राहणार आहे."

तिने आईंकडे बघितलं नाही. बघायचा धीर झाला नाही. म्हणून आई हसताहेत हे तिला आधी ऐकूच आलं. सुरुवातीला खुसखुस, मग खदखदून, कंबर धरून, "अगं आई गं" म्हणत हसणं.

"ताई, तुला बरं वाटतंय ना?" मामा घाबरले.

"कधीची वाट बघतेय मी या शब्दाची!" आईंनी डोळे पुसले. "हवीय! तुम्ही सगळे येता आणि म्हणता, आई, तुझं ओझं आम्ही घेतो. अरे, ओझं कुणी म्हटलं होतं त्याला? अण्णा आणि मी ती मोडकी खुर्ची दुरुस्त करून पहिल्यांदा एका म्हातारबुवांना त्यांच्या अंगणात फिरवलं ना, त्या दिवशी आम्ही घरी येताना रस्त्याने मोठमोठ्यांदा गात आलो. लोक म्हणाले, केवढा त्याग. आम्ही कुणाला खरं सांगितलं नाही की आम्हाला मजा येते. लाज वाटायची. आणि मग ते खोटं खरंच होऊन बसलं. ओझं म्हणून नेणाऱ्याच्या हातात मी माझी संस्था कशी देऊ? म्हणून मीच बसले चिकटून. चूकच झाली. तुला काय हवंय हे मी विचारायला हवं होतं, सूनबाई. वस्तू मागणाऱ्या जगाला विचारलं, तुला विचारलं नाही."

थोरलीला रडू फुटलं. सगळ्यांदेखत, नाक लाल होईपर्यंत ती रडली, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही. डॉक्टरने तिच्या खांद्याभोवती हात टाकला.

"माझा व्यवस्थापक रद्द," डॉक्टर म्हणाली. "वहिनी, पण माझी एक अट."

"तुझ्या अटींचं काय होतं ते आत्ताच बघितलं," धाकटा म्हणाला.

"ऐक तरी. पहिल्याच वर्षापासून तू तुझ्यानंतरचं माणूस शोधायचं आणि तयार करायचं. आईसारखं चिकटून बसायचं नाही. आणि ते माणूस या घरातलंच असलं पाहिजे असंही नाही."

"घराबाहेर जाणार संस्था?" मामांचा शेवटचा बार.

"मामा, मीही या घरात बाहेरूनच आले," थोरली रुमालातून म्हणाली.

मामांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे." मग लगेच, "आता तरी माझा चहा आण. की प्रमुखबाई चहा आणत नाहीत?"

"मी आणतो," थोरला म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदा बैठकीतून पळून न जाता स्वयंपाकघरात गेला.

चौकट काढावी लागली नाही. पलंग आडवा करून, तिरका करून, धाकट्याचा एकही सल्ला न ऐकता मिस्त्रींनी तो आईंच्या खोलीत आणला. आई दारात उभ्या राहून खिट्ट्या ओढून बघत होत्या. एकही सैल निघाली नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

मग थोरलीने विचारलं. संस्थेची ही जुनी रीत होती: पलंग कुठल्याही घरी गेला तरी झोपणाऱ्याला विचारल्याशिवाय टेकवायचा नाही. दिवसभर तेच डोळ्यांसमोर राहणार, तर ते त्यानेच ठरवायचं.

"तोंड कुठे हवं, आई? खिडकीकडे की दाराकडे?"

खिडकीतून समोरचं फाटक दिसत होतं, अंगणात धुऊन ठेवलेल्या चाकखुर्च्या दिसत होत्या. दाराकडे बघितलं तर दिवाणखाना, चहावरून चाललेला गोंधळ, चौकटीचं माप घेणारा धाकटा. आईंनी खिडकीतून बराच वेळ बाहेर पाहिलं. थोरली पलंगाचा कठडा धरून थांबली. इथे उत्तर सुचवायचं नसतं, हेही आईंनीच शिकवलं होतं.

"दाराकडे," आई म्हणाल्या.

पलंग टेकवला. आई आडव्या झाल्या, थोरलीने दांडा फिरवून डोक्याकडची बाजू वर केली, आणि आईंनी कितीतरी महिन्यांनी पाठ टेकून सुखाचा श्वास सोडला. मिस्त्री बाहेर गेले. उशी सारखी करताना थोरलीचं लक्ष दाराशेजारच्या कपाटाकडे गेलं. कपाटाच्या आरशात खिडकी दिसत होती, आणि खिडकीतून समोरच्या फाटकाचा अर्धा भाग. तिने वळून आईंकडे पाहिलं. आई छताकडे बघत होत्या, कमालीच्या निष्पाप चेहऱ्याने.

थोरली कपाटापाशी गेली. आरशाचं दार तिने हलकेच थोडं उघडलं, मागे येऊन उशीच्या उंचीवर वाकून बघितलं, पुन्हा जाऊन आणखी बोटभर सरकवलं. आता फाटक पुरतं दिसत होतं, अंगणासकट.

"दिसतंय नीट?" तिने विचारलं.

"हं," आई म्हणाल्या. "उद्या वेळेवर उघड."